उतरलेली पेटी

आमच्या बँडला नाव होतं. ते इथे देत नाही, कारण ते इंग्रजी होतं, तीन शब्दांचं होतं आणि आम्हा तिघांना ते एकसारखं उच्चारता येत नसे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर डोंबिवलीत सायकेडेलिक रॉक वाजवणारे बहुधा आम्ही एकटेच होतो. हे अभिमानाने सांगत नाही. त्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

बँड काढला तो डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या कॉलेजमधल्या मित्राने. त्याला इथे म्होरक्या म्हणतो. तोंडावर म्हटलं असतं तर चिडला असता. तो रंगाच्या कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवायचा. मी कोपरीचा, बेस गिटार माझ्याकडे. ती मला आवडायची म्हणून नव्हे, चार तारांत कमी चुका होतात म्हणून. ड्रमवाला ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. भावकीच्या हळदींत ढोल बडवून हात तयार झालेला. म्होरक्याचा मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता. तो दर सुट्टीत परदेशी कॅसेटी आणायचा. एरवी त्यांचं काय करायचं हे त्यालाही कळत नसावं.

सायकेडेलिक म्हणजे काय ते मला आजही धड सांगता येणार नाही. म्होरक्याची व्याख्या सोपी होती. आजारी पडल्यावर अंथरुणातून वरचा पंखा बघत राहिलं की किती वाजले ते कळेनासं होतं ना, ऐकताना तसं झालं पाहिजे. नशापाणी आम्ही करत नव्हतो. ड्रमवाला करायचा, पण त्याचा संगीताशी काही संबंध नव्हता.

सराव रविवारी संध्याकाळी, म्होरक्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत. ही वेळ त्याने विचार करून ठरवलेली. दूरदर्शनवर तेव्हा हिंदी सिनेमा लागायचा आणि अख्खी इमारत टीव्हीचा आवाज मोठा करून बसायची. आमच्या गोंगाटाची तक्रार करायला दारापर्यंत येण्याइतकी फुरसत कुणाला नसे. मध्ये बातम्या लागल्या की आम्ही चहा प्यायचो. सिनेमा संपला की सराव संपला.

सामान असं : एक गिटार, एक बेस, तीन ड्रम आणि एक झांज. गिटारचा आवाज फाडण्यासाठी म्होरक्याने साबणाच्या डबीत बसवलेलं सर्किट. जुन्या बाजारातला स्पूलचा टेपरेकॉर्डर, त्याला एक जादा हेड जोडून केलेला प्रतिध्वनी. आणि काकूंची पेटी.

काकू म्हणजे म्होरक्याच्या आई. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा एकुलता एक. पेटी त्यांच्या माहेरची, कोकणातली. त्यांचे वडील कीर्तनात साथीला वाजवत, आणि लग्नानंतर काकू ती भांड्यांच्या ट्रंकेबरोबर घेऊन आल्या होत्या. म्होरक्याने त्या पेटीची एक पट्टी निवडली, तिच्यावर औषधाच्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि ती खाली दाबून राहावी म्हणून फटीत घडी घातलेलं बसचं तिकीट खुपसलं. काकू समोर बसून भाता मारायच्या. एकच सूर, वीस-वीस मिनिटं. पुढे माइक, माइकमधून तो सूर प्रतिध्वनीत आणि तिथून खोलीभर.

“मला कळत नाही हे काय वाजवता,” काकू म्हणायच्या, “पण एवढ्या वेळात निदान हात तरी मोकळा होतो.” भाता कधी चुकला मात्र नाही. माझ्या मते बँडमध्ये तालाला पक्क्या त्याच होत्या.

आम्ही वाद्यं जुळवायचो ती त्याच पट्टीवर. दुसरं काही जुळवायला नव्हतंच. काकू सूर धरायच्या, म्होरक्या गिटारच्या तारा त्याला मिळवायचा, मग मी माझ्या, मग ड्रमवाला चावीने कातडी सैल करत करत आमच्याजवळ यायचा. आमच्या तारा इतर गिटारवाल्यांपेक्षा सैल असायच्या, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. आम्ही दुसऱ्या कुणाबरोबर वाजवलंच नव्हतं. सैल तार दाबली की किंचित हलते, सूर जरासा डुलतो, साबणाच्या डबीतून गेला की घसा बसल्यासारखा घरघरतो. आमचा आवाज म्हणतात तो हा होता. आम्हाला वाटायचं, ही म्होरक्याच्या बोटांची करामत.

म्होरक्याचा आणखी एक गुण, किंवा खोड म्हणा. तो कधीही घाई करत नसे. जेवायला बसला की शेजारच्यांची पानं उचलली गेली तरी हा आपला ताकावर. कारखान्यात रोज लेट मार्क. वाजवायला लागला की काकूंचा सूर सुरू होऊन तीन-चार मिनिटं झाली तरी याचा हात तारेला लागायचा नाही. ड्रमवाला काड्या हातात घेऊन ताटकळायचा.

“आरं, चालू कर ना रं! पिच्चर संपल तिकरं.”

“होईल रे. सूर बसू दे.”

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही एकदाच वाजवलं. विसाव्या मिनिटाला प्रमुख पाहुणे उठले. पंचविसाव्या मिनिटाला वीज गेली की कुणी घालवली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्होरक्या परतताना म्हणाला, “सुरुवात जरा घाईत झाली.”

एका रविवारी आम्ही काकूंच्या रेडिओ-कॅसेटच्या टू-इन-वनवर एक कॅसेट भरली. एक बाजू पूर्ण, एकच तुकडा. सुरुवातीला म्होरक्याचा आवाज आला आहे, त्याच्या त्या संथ सुरात : “आई, भाता सोडू नकोस हं.” मग काकूंचा सूर. मग बऱ्याच वेळाने आम्ही.

त्याच पावसाळ्यात म्होरक्याला कावीळ झाली. आधी घरीच पथ्य, मग कुणाचं तरी झाडपाल्याचं औषध, मग हॉस्पिटल. आयुष्यात एकच गोष्ट त्याने झटपट उरकली. नऊ दिवसांत गेला.

मी त्या वेळी रडलो नाही, आणि त्याबद्दल मला बरीच वर्षं स्वतःचं आश्चर्य वाटत राहिलं.

तेरावा झाल्यावर मी आणि ड्रमवाला काकूंकडे सामान आवरायला गेलो. काकूंनी साबणाच्या डबीला हात लावू दिला नाही. “न्यायचं नाही काही,” त्या म्हणाल्या. “रविवारी या. वाजवा इथेच. घरात फार शांत आहे रे.” नाही म्हणायची आमची छाती नव्हती, आणि आम्हालाही जायला दुसरी जागा नव्हती.

मी त्याची गिटार घेतली. बेसची जागा भरायला ड्रमवाल्याने लग्नाच्या ऑर्केस्ट्रातले एक कीबोर्डवाले आणले. आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, बँकेत नोकरी, शर्ट पँटीत खोचलेला, डाव्या हाताने बेस आणि उजव्या हाताने जगातलं दुसरं काहीही वाजवणारे. माणूस सरळ होता, जरा जास्तच. पहिल्याच रविवारी काकूंनी सूर धरला, यांनी कीबोर्डवर एक पट्टी दाबली आणि तोंड कडू झाल्यासारखं केलं.

“काकू, तुमची पेटी उतरलेली आहे हो. माझ्याशी कशी जमणार? कीबोर्ड तर खाली आणता येत नाही.”

येत होता. त्याच्या मागे त्यासाठी एक बटण होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्यांनाही ते माहीत नसावं. तेव्हा मात्र आम्ही ते खरं धरलं. काकूंनी तिकीट पट्टीतून काढलं आणि पेटीवर कापड घातलं.

पुढचे दोन रविवार आम्ही पेटीशिवाय वाजवलं; तारा जुन्याच सुरात, कीबोर्ड आपल्या सुरात, कशाचा कशाला मेळ नाही. तिसऱ्या रविवारी पेटी माइकसमोर पुन्हा मांडलेली. पॉलिश केलेली, भात्याला नवं चामडं. काकू एकट्या ती रिक्षातून आणि बसमधून ठाण्याला घेऊन गेल्या होत्या, जांभळी नाक्याजवळच्या एका पेटीवाल्याकडे.

“आता दाबा तुमचं ते,” त्या कीबोर्डवाल्यांना म्हणाल्या. दाबलं. तंतोतंत जमलं. काकूंच्या चेहऱ्यावर तो गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी हललं. “त्याच्यावाचून तुमचं अडायला नको,” त्या म्हणाल्या.

आम्ही नव्या सुराला तारा चढवल्या. ड्रमवाल्याने कातडी ताणली. आणि तो जुना तुकडा वाजवायला घेतला.

सगळं बरोबर होतं. तीच गिटार, तीच डबी, तोच प्रतिध्वनी, बोटं कुठे पडत होती ते मला तोंडपाठ. आवाज मात्र लख्ख यायला लागला. घासलेल्या भांड्यांसारखा. घरघर गेली, डुलणं गेलं. मी डबीतला सेल बदलला, माइक हलवला, स्पीकर भिंतीकडून फिरवला. ड्रमवाल्याला म्हणालो, तू जोरात वाजवतोस. तो म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं! त्याचा हात तुला नाय, सांगून टाक ना.”

ते लागलं, कारण मला ते पटलं होतं.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. लख्ख आवाज लोकांना आवडतो. कीबोर्डवाल्यांनी दोन सिनेमाची गाणी घुसवली, ड्रमवाल्याने हळदीचं आमंत्रण आणलं, मग दुसरं. नव्वद साल उजाडेपर्यंत आम्ही ठाण्यापासून शहाडपर्यंतच्या कोळी-आगरी हळदींतला बऱ्यापैकी मागणी असलेला ऑर्केस्ट्रा होतो. वीस मिनिटांच्या तुकड्याची जागा चार मिनिटांच्या गाण्याने घेतली. इंग्रजी नाव जाऊन एका देवीचं आलं. सराव ठाण्याला हलला, कारण सगळ्यांना तेच सोयीचं. काकूंना मी सांगायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. लांब पडतं तुम्हाला.” मी दर महिन्याला येतो म्हणालो. दोनदा गेलो.

थोड्याच वर्षांत मीही वाजवणं सोडलं. नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, ही कारणं मी देतो. खरं कारण एकच. गिटार हातात घेतली की मला मी ऐकू यायचो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी मुलगी गाणं शिकायला लागली. तिच्यासाठी एक जुनी पेटी घेतली आणि दुरुस्तीला जांभळी नाक्याजवळच्या पेटीवाल्याकडे नेली. दुकानात एक म्हातारा. त्याने पेटी उघडली, दोन पट्ट्या दाबल्या आणि कुरकुरत म्हणाला, “ही बेसूर आहे. बेसूर पेटी दुरुस्त करायला काही वाटत नाही. एकदा मात्र एका चांगल्या पेटीची मी वाट लावली.”

मी सहज विचारलं, कुणाची.

“डोंबिवलीच्या एक बाई होत्या. कोकणातली जुनी पेटी. बेसूर नव्हती हो ती! सगळीच्या सगळी एकसारखी खाली होती, अर्ध्या सुराला थोडी कमी. जुन्या काळचं माप ते. मी म्हटलं, हिला हात लावू नका, आपापसात सुरेल आहे. त्या ऐकेनात. मुलांचं कीबोर्डशी जमत नाही म्हणाल्या. दोन दिवस इथे स्टुलावर बसून राहिल्या, डोळ्यांदेखत करा म्हणाल्या. आतल्या सूर देणाऱ्या पितळी पत्त्या एकेक करून घासल्या मी, वर चढवल्या.”

“परत खाली आणता येईल?” मी विचारलं.

“एकदा घासलेली पत्ती पुन्हा घासली की तुटते. तशी पेटी नव्याने मिळणार नाही आता.”

मुलीची पेटी तिथेच ठेवून मी बाहेर आलो. रसवंतीच्या बाकावर बसलो. सैल तारा, डुलणारा सूर, घरघर, सगळं त्या खाली बसलेल्या पेटीतून आलेलं. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते सरळ केल्यावर आम्हाला नाचता येईना. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. निदान दोष माझ्या हातात नव्हता. हे वाटल्याची लाज मग वाटली.

पुढच्या रविवारी डोंबिवलीला गेलो. काकूंनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे, बाकी तशाच. का आला नाहीस, हे विचारलं नाही. चहा टाकला. आतल्या खोलीत पेटी मांडलेली होती आणि तिच्याशेजारी टू-इन-वन.

“बरं झालं आलास,” त्या म्हणाल्या. “माझे कान गेले रे.”

“ऐकू येत नाही?”

“ऐकू येतं. सूर कळत नाही. रोज संध्याकाळी ती तुमची कॅसेट लावते आणि पेटी घेऊन बसते. त्या कॅसेटवर सूर माझाच आहे ना? हीच पेटी, दुरुस्त केली तरी पट्टी हीच, मीच भाता मारलेला. मग माझा माझ्याशी जमू नये? वर्षानुवर्षं हेच. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तो म्हणतो कान ठणठणीत आहेत. वडिलांनी सात वर्षांची असताना सूर ओळखायला शिकवलेला. तेवढंच काय ते मला येत होतं. तो गेल्यावर तेही गेलं.”

मला सगळं माहीत होतं. पण सांगायचं म्हणजे, काकू, तुमच्या लेकाचा आवाज तुम्ही स्वतः दोन दिवस स्टुलावर बसून घासून घेतलात, असं सांगायचं. आणि न सांगावं, तर ही बाई स्वतःला बहिरी समजून मरणार. मी मधला रस्ता काढला. भित्र्या माणसाला तो नेहमी सापडतो.

“कान चांगले आहेत, काकू. टेप हळू चालतेय. मोटर जुनी झालीये.”

“असं होतं?”

“होतं ना. थांबा.”

टू-इन-वनच्या मोटरला मागे एक बारीक भोक असतं, त्यात एक स्क्रू. तो फिरवला की कॅसेट जलद किंवा सावकाश चालते. हे मला म्होरक्यानेच शिकवलेलं. काकूंनी पेटीवर सूर धरला आणि मी केसाएवढा केसाएवढा स्क्रू फिरवत कॅसेटवरचा सूर वर आणला. दोन सूर आधी भांडले, मग त्यांच्यातली थरथर लांबत गेली आणि नाहीशी झाली.

काकूंचा भाता क्षणभर अडखळला. मग त्या हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. “जमलं रे,” त्या म्हणाल्या, “कान आहेत माझे!” दोन-तीन मिनिटं त्या कॅसेटबरोबर वाजवत राहिल्या. मला वाटलं, खोटं बोललो ते सोन्यासारखं झालं.

“पहिल्यापासून लाव,” त्या म्हणाल्या. मी कॅसेट मागे घेतली आणि बटण दाबलं.

“आई, भाता सोडू नकोस हं.”

आवाज बारीक होता, पुढे ढकलल्यासारखा. फरक थोडाच. मला तो कदाचित कळलाही नसता. काकूंचा हात थांबला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. पुन्हा एकदा.

“हा घाई करतोय,” काकू म्हणाल्या. “हा कधी घाई करायचा नाही.”

मी टेप थांबवली. त्या पेटीकडे बघत होत्या. चिकटपट्टीचा तुकडा अजून त्या पट्टीवर होता, काळा पडलेला.

“म्हणजे टेप आधी बरोबर होती,” त्या म्हणाल्या. शाळेतलं गणित सोडवावं तशा, सावकाश. “टेप बरोबर आणि कानही बरोबर. मग पेटीच.” माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुला माहीत होतं?”

“मागच्या आठवड्यात कळलं.”

“पेटीवाला नको म्हणत होता,” त्या म्हणाल्या. “मीच त्याच्या मागे लागले.”

मला तेव्हा रडू आलं. दहा वर्षं उशिरा, आणि नक्की कुणासाठी ते आजही सांगता येत नाही. काकू रडल्या नाहीत. त्यांनी पदराने पेटीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

“तो स्क्रू परत होता तसा कर,” त्या म्हणाल्या. “त्याचं त्याला सावकाश चालू दे.”

मी स्क्रू मागे फिरवला. नेमका कुठे होता ते आठवेना, म्हणून त्याचं ते वाक्य पुन्हा पुन्हा लावून काकू सांगत गेल्या. अजून, अजून थोडा, हां, हा तो. मग मी कॅसेट पहिल्यापासून लावली आणि बाजूला बसलो. म्होरक्या त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, आई, भाता सोडू नकोस हं. खाली बसलेला जुना सूर सुरू झाला. काकूंनी पेटी जवळ ओढली आणि भाता मारायला लागल्या. पट्टी एकही दाबली नाही. पेटीतून नुसती हवा जात-येत होती. बाजू संपेपर्यंत त्यांनी भाता सोडला नाही.